घरचा डोळा

१७ जानेवारी, शनिवार

बाईंनी बजावलंय, विभागाच्या नोंदवहीत काय घडलं तेवढंच लिहायचं, काय वाटलं ते घरी. म्हणून ही वही.

तर वाटलं ते असं, की डोळ्याचा स्कॅन काढणारं मशीन अखेर मिळालं आणि आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. महिन्याचा तिसरा शनिवार, नऊ ते बारा, तेही नोव्हेंबरपर्यंतच. पुढे ते तळमजल्यावरच्या वॉर्डात जाणार. तोवर माझे आकडे जमले नाहीत तर पाच वर्षांचा प्रबंध बासनात. बाई माझ्या मार्गदर्शक. त्या हे सगळं चहाचा कप ढवळत सांगतात, जणू प्रबंध माझा नसून शेजारणीचा आहे.

काम सांगायला सोपं आहे. डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा थर असतो, त्यात तीन पदर. पुढे केसाहून बारीक वाहिन्या, मग मध्यम, सगळ्यांत मागे जाड. मायनस नंबर वाढतो तसा डोळा मागे लांबत जातो आणि हा थर पातळ होतो, एवढं सगळ्यांना माहीत आहे. मला दाखवायचंय की थर आधी पातळ होतो आणि नंबर मागाहून येतो, आणि सुरुवात जाड वाहिन्यांच्या पदरापासून होते. तसं निघालं तर चष्मा लागायच्या आधीच मूल ओळखता येईल. शाळेतली शहाण्णव मुलं घेतलीत, निम्मी चष्मेवाली, निम्मी बिनचष्म्याची. महिन्याला बत्तीस जण, तीन महिन्यांनी पुन्हा पहिल्यांची पाळी.

मशीन बरोबर मोजतंय का, हे बघायला कंपनीचा एक नकली डोळा असतो. तो कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. नवा मागवलाय, म्हणजे आता तो विसरायचा. तोवर न बदलणारा एक खरा डोळा हवा. माझा चालत नाही. माझा नंबर सात, आणि मीच समोर बसले तर बटण कोण दाबणार? म्हणून खारूला नेलं.

खारू म्हणजे आमची मुलगी, आठ वर्षांची. खिशात पेन्सिलींची टोकं आणि तुटकी बटणं साठवते म्हणून खार. डोळे बापावर गेलेत, नशीब माझं. मागच्या वर्षी मीच तपासले, नंबर शून्य. स्टुलावर दोन रजिस्टरं ठेवली तेव्हा हनुवटी टेकली. हिरव्या ठिपक्याकडे अशी बघत राहिली की पापणी हलली नाही. मोठ्या माणसांना जमत नाही ते.

थराची जाडी ३४२ मायक्रॉन.

“मी पास का?” तिनं विचारलं.

“तू पास-नापास नाहीस. तू मोजपट्टी आहेस. बाकीच्यांचं बरोबर येतंय का ते तुझ्यावरून बघायचं.”

घरी येईपर्यंत रस्त्यात भेटलेल्या चार जणांना तिनं सांगितलं, मी मोजपट्टी आहे.

२१ मार्च

घरचा डोळा ३३९. ठीक. पाच मायक्रॉनपर्यंतचा फरक धरायचाच नाही, तेवढा माझ्या हाताचा.

हा थर दिवसभरात फुगतो आणि आटतो, म्हणून खारूची वेळ नऊच्या ठोक्याला. ती पावणेनऊलाच बूट घालून दारात उभी असते. शाळेला हाच उत्साह दाखवला असता तर!

बत्तीस मुलांपैकी सहा शिंकली, दोन रडली. एकानं विचारलं, डोळ्यातलं रक्त बघून तुम्हाला चक्कर येत नाही का. मग आठवडाभर ती चित्रं समोर घेऊन रेघा ओढायच्या. वरची रेघ सरळ सापडते, खालची धुक्यात. कोणतं चित्र कुणाचं हे मला कळू नये म्हणून त्यांना नुसते क्रमांक दिलेत, आणि त्यांची यादी आमच्या आकडेशास्त्रवाल्याच्या कुलुपात. त्याला सगळे दशांश म्हणतात. वाढदिवसाला कुणी विचारलं तर वय एका दशांशापर्यंत सांगतो.

१९ एप्रिल, रविवार

सासूबाई आल्या होत्या. जेवताना म्हणाल्या, “अगं, पोर डोळे बारीक करून बघते.”

“आई, केस येतात तिच्या डोळ्यांवर.”

“येत असतील बाई. मी आपली म्हटलं.”

हे ‘मी आपली म्हटलं’ मला दिवसभर पुरतं. डोळ्यांची पदवी माझी, डोळ्यांवर प्रबंध माझा, आणि निदान यांचं. संध्याकाळी खारूचे केस भुवयांपर्यंत कापून टाकले. आरशात बघून ती म्हणाली, नारळ दिसतेय मी. खरंच दिसतेय.

१६ मे

३३१!

तीनदा घेतला. ३३१, ३३०, ३३१. जानेवारीपासून अकरा मायक्रॉन उतरले. नंबर नसलेल्या मुलाचा थर एवढा हलत नाही. वाढत्या वयात तो तसाच राहतो, झालाच तर किंचित जाड होतो. म्हणजे मशीन उतरतंय. मला वाटलंच होतं. माझ्या वाट्याला आलेलं मशीन नीट चालेल तर शपथ.

१८ मे

मशीनवाला आला. कंपनीचा माणूस, शांत, तोंडात सतत लवंग. काच पुसली, पेच तपासले, मग स्वतःच स्टुलावर बसला आणि म्हणाला, “मॅडम, घ्या माझा.” २८८ आला.

“मशीन बसवलं तेव्हाही घेतला होता. दोनशे अठ्ठ्याऐंशीच. मशीन ठणठणीत आहे.”

“तुमच्या एका डोळ्यावरून मी कसं मानू?”

“तुम्हीपण एकावरूनच म्हणताय ना?”

मी म्हटलं, माझा एक तपासलेला आहे, शून्य नंबरचा, ठरल्या वेळेला घेतलेला. तुम्ही दुपारी तीन वाजता जेवून आलात. तो हसला आणि बॅग उचलून गेला. घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, नाचता येईना अंगण वाकडं. त्याच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही.

२० जून

३२७. आता सांगा.

दुसरी गोष्ट. खारूला आज एकच रजिस्टर लागलं. पोरगी उंचीला भराभर वाढतेय, गेल्या वर्षीचे फ्रॉक सगळे आखूड. मशीन सोडून बाकी सगळं छान चाललंय.

२ जुलै

छान कसलं. शाळेतून चिठ्ठी आली. फळ्यावरची गणितं चुकीची उतरवते. तीनाचे आठ, पाचाचे सहा. उत्तर मात्र तिनं लिहिलेल्या गणिताचं बरोबर असतं. वर शेजारणीच्या वहीत डोकावते, म्हणून सगळ्यांत मागच्या बाकावर बसवलंय.

मी फाडफाड बोलले. लक्ष कुठे असतं तुझं, दुसऱ्याच्या वहीत बघायची लाज वाटत नाही का, वगैरे. ती बुटाच्या नाडीशी खेळत राहिली. शेवटी म्हणाली, “उद्यापासून नाही बघणार.”

माझंच चुकतंय बहुतेक. शाळा दोनला सुटते, मी मोकळी होते साडेपाचला. मधले साडेतीन तास ती माझ्या अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यात टेबललॅम्पखाली बसते, दीड वर्ष झालं. बारीक बारीक चित्रं काढते, नाक कागदाला लावून. बाहेर पडतो तेव्हा ऊन उतरलेलं असतं. पण एका जागी बसते, त्रास देत नाही, याचं सगळे कौतुक करतात. मग फळ्यावरूनच लक्ष का उडतं?

१८ जुलै

३२४.

कंपनीला तीन पत्रं लिहिली. उत्तर एकच, “आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.” कपाळ माझं.

बसून विचार केला आणि मार्ग काढला. मशीन जेवढं उतरलंय तेवढं प्रत्येक मुलाच्या आकड्यात परत घालायचं. मेच्या चित्रांना अकरा, जूनला पंधरा, जुलैला अठरा. शहाण्णव मुलांची सरसकट सरासरी काढली, तीही उतरतेच आहे, खारूच्या निम्म्यानं का होईना. अजून काय पुरावा हवा?

दशांशला सांगितलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला. “एका डोळ्यावरून शहाण्णव मुलांचे आकडे बदलणार?”

“तो डोळा शून्याचा आहे.”

“कधी तपासला?”

“मागच्या वर्षी.”

“हं,” म्हणाला आणि लिहून घेतलं. याचं ‘हं’ आणि सासूबाईंचं ‘मी आपली म्हटलं’ एकाच दुकानातलं आहे.

२६ सप्टेंबर

मागच्या शनिवारी घरचा डोळा ३१८. चोवीस गेले.

आज दुपारी बाईंसमोर क्रमांकांची यादी उघडली. चष्मेवाल्या मुलांचा थर दुरुस्तीनंतर जिथल्या तिथे. बिनचष्म्याच्या मुलांचा वाढलेला, वीस-बावीस मायक्रॉन.

बाईंनी कागद खाली ठेवला. “म्हणजे नंबर वाढतो त्या मुलांना काही होत नाही, आणि ज्यांना काही झालेलं नाही त्यांचे डोळे सुजलेत? अख्ख्या शाळेचे?”

“बाई, मशीन...”

“अगं, मेपासून मशीनच ऐकतेय मी. हे असं पुढे पाठवलं तर लोक आपल्यालाच तपासतील.”

दशांश हळूच म्हणाला, “दुरुस्ती काढून बघू का?”

मी ओरडले त्याच्यावर. बाईंसमोर! बिघडलेल्या मशीनचे कच्चे आकडे पुढे ठेवायचे म्हणजे फसवणूक नाही का? त्यानं कागद आवरले. मी जिन्यात जाऊन रडले, राग आल्यावर रडते तशी. पाच वर्षं. पाच वर्षं दुसऱ्यांच्या डोळ्यांत रेघा ओढून माझ्या हाताला काय लागलं?

१० ऑक्टोबर, शनिवार

आज सविस्तर लिहायला हवं. 

मशीनवाला आला, नवा नकली डोळा घेऊन, तोच जो विसरायचा होता. मीच जोर लावून त्याला शनिवारी नऊला बोलावलं होतं, खारूला बसवून त्याच्या नाकासमोर घसरण दाखवायची म्हणून. दशांशलाही बोलावलं, साक्षीदार हवा.

नकली डोळा लावला. डब्यावर जे छापलं होतं तेच पडद्यावर आलं, शेवटच्या आकड्यापर्यंत. मग मशीनवाला स्वतः बसला. दोनशे एकोणनव्वद. मग खारू. आता रजिस्टर लागतच नाही. ३१७.

तो लवंग चघळत म्हणाला, “मॅडम, मशीन तिथंच आहे. हललंय ते डोळ्यात.”

मी म्हटलं, अशक्य. तिचा नंबर शून्य आहे, आत्ता दाखवते. तिला ओढत बाहेरच्या खोलीत नेलं, तक्त्यापासून सहा मीटरवर उभं केलं. तिनं एक डोळा झाकला आणि घडाघडा वाचलं, वरपासून शेवटच्या ओळीपर्यंत. एक अक्षर चुकलं नाही. दुसरा डोळा, तसंच. मला इतकं बरं वाटलं की मी मशीनवाल्याकडे वळून म्हटलं, “बघा!”

दशांश तक्त्याजवळ उभा होता. म्हणाला, “मॅडम, तुम्ही पाचव्या ओळीवर काठी ठेवायच्या आधीच तिनं ती वाचली.”

“हुशार आहे ती.”

“हुशार आहेच.” त्यानं तक्ता भिंतीवरून काढला, मागचा कोरा पुठ्ठा पुढे करून पुन्हा लावला आणि म्हणाला, “खारू, पाचवी ओळ वाच बरं.”

कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघत माझ्या मुलीनं पाचवी ओळ वाचली.

 खारूला आमच्या चेहऱ्यांवरून काहीतरी कळलं असावं, ती मध्येच थांबली. महिन्याला बत्तीस मुलं तिच्यासमोर हा तक्ता वाचतात, ती कोपऱ्यात बसून ऐकते. दहा महिन्यांत तिला तो पाढ्यासारखा पाठ झाला होता. मी कपाटातून दुसरा तक्ता काढला. तिनं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरीला डोळे बारीक केले. केस तर अजून आखूडच आहेत.

थेंब घातले, तासभर थांबले, नंबर काढला. दोन्ही डोळ्यांना उणे दीड. डोळ्याची लांबीही घेतली. ती इथे लिहवत नाही.

मशीनवाला बॅग आवरून निघाला. दारात थांबून खारूला टाटा केला. मी त्याला पाच महिने काय काय बोलले होते, आणि त्याला एक शब्द बोलायची आयती संधी होती. नंतर दशांशही गेला.

थेंबांमुळे खारूच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, ती हातानं उजेड अडवत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. विचारलं, “फळा दिसत नाही हे कधीपासून?”

“उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधीपासून. थोडं थोडं.”

“मला सांगितलं का नाहीस? मी रोज हेच काम करते ना!”

“म्हणूनच.”

“म्हणजे काय?”

तिनं बोटांच्या फटीतून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “तू म्हणालीस ना माझा डोळा बदलत नाही म्हणून तुला लागतो. बदलला तर तू दुसरी पट्टी आणशील. मग शनिवारी मी कुठे जाणार?” आणि मग घाईघाईनं, “मी तक्ता नीट पाठ केला होता, आई. पुठ्ठा उलटा लावला म्हणून.”

मला तिला जवळ घ्यायचं होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारायची होती. दोन्ही एकदम करता येत नाही. जवळ घेतलं.

११ ऑक्टोबर, रविवार

नवऱ्याला काल सांगितलं. तो म्हणाला, चष्मा लागला म्हणजे आभाळ कोसळलं नाही, तूही लावतेस. त्याला कळत नाही. नंबर सहावर, आठवर पोचला की तो थर कुठवर पातळ होतो, मागे काय काय फाटू शकतं, हे मी रोज बघते. आता रोज रात्री घालायचे थेंब आहेत, उन्हात दोन तास आहेत, वेग कमी करता येतो. मेमध्ये सुरू केलं असतं तर आणखी कमी करता आला असता.

सासूबाई आल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. अशा प्रसंगाला त्यांच्याकडे एखादी म्हण हमखास असते. आज त्यांनी ती गिळली, खारूला मांडीवर घेतलं आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ ऑक्टोबर

दशांशनं दुरुस्ती काढली. कच्चे आकडे जसेच्या तसे मांडले. चष्मेवाल्यांचा थर वीस-एकवीसनं उतरलेला, बिनचष्म्याच्यांचा हललेलाच नाही. उतरण जवळजवळ सगळी जाड वाहिन्यांच्या पदरात. मी जे दाखवायला निघाले होते त्यातलं निम्मं पहिल्यापासून तिथे होतं. मीच जुलैत त्यावर माती लोटली होती.

बाईंची माफी मागितली, दशांशची मागितली, मशीनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “मुलगी कशी आहे?” मी नंबर सांगितला, उणे दीड.

१७ ऑक्टोबर, शनिवार

बाईंनी आज खारूचे सगळे स्कॅन मागवून घेतले. एकामागून एक टेबलावर मांडले आणि उभ्याच राहिल्या.

“अगं, तुला कळतंय का हे काय आहे? शून्यापासून मायनसपर्यंत, दर महिन्याला, एकाच वेळेला, एकाच हातानं घेतलेले. असं कुणाकडे असतं? मुलाला चष्मा लागणार हे आधी कुणाला माहीत असतं, की तो दर महिन्याला स्कॅन काढत बसेल? जाड पदर तर मार्चमध्येच उतरू लागलेला दिसतोय. हिच्यावर तुझा प्रबंध उभा राहील!”

खरं आहे ते. शहाण्णव मुलांत जे दिसत नाही ते तिच्यात दिसतं, सरळ, पायरी-पायरीनं. बाईंना इतकं खूश मी पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. मी मान हलवत राहिले.

तिला आता अभ्यासात घ्यायचं तर रीतसर कागद हवेत. सगळ्या पालकांना दिला तोच नमुना, मीच तयार केलेला. घरी आणून जेवणाच्या टेबलावर भरला. खारू समोर बसून चष्म्याची काच फडक्यानं पुसत होती, दर दोन मिनिटांनी.

पाल्याचं नाव, वय, इयत्ता लिहिली. मग ती ओळ आली. मीच लिहिलेली, पालकांना विश्वास वाटावा म्हणून: ‘पाल्याच्या डोळ्यात बदल आढळल्यास तपासणारी व्यक्ती तो विनाविलंब पालकांना कळवेल.’ खाली दोन रकाने. तिथे खोटं लिहिता येईना.

बदल आढळल्याची तारीख: १६ मे.

पालकांना कळवल्याची तारीख: १० ऑक्टोबर.

मधले दिवस मोजले. एकशे सत्तेचाळीस. एवढे दिवस मी मशीनवाल्याशी भांडत होते.

त्याखाली दोन सह्या लागतात, एक तपासणाऱ्याची आणि एक पालकांची. दोन्ही मीच केल्या.